अट्रॅक्टाचं ‘बरं’

आमच्या किलशानी गावात कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा, आणि हो म्हणणं म्हणजे गळ्यात लोढणं. म्हणून आम्ही ‘बरं’ म्हणतो. फादर म्हणाले, शुक्रवारी जपमाळेला ये, की बरं. मेव्हणा म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुझा ट्रॅक्टर नेतो, की बरं. शुक्रवारी आपला बाक रिकामा असणार आणि ट्रॅक्टरची किल्ली सापडायची नाही, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. कुणाचं काही बिघडत नाही. शॅनन नदीच्या या काठाला पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय, आणि कोर्टकचेरीचा या शब्दाशी कधी संबंध आला नव्हता. तो आणला अट्रॅक्टा मॅकगोल्ड्रिकने, आणि तोही बिचारीने हौसेने आणला नाही.

अट्रॅक्टा शिवणकाम करायची. चर्चच्या खालच्या वळणावर तिचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापायचं टेबल आणि दाराला टांगलेले अर्धवट झगे. पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, निम्म्या पोरींनी लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या विधीला तिच्या हातचा पांढरा झगा घातला असेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी पुढे लग्नातलाही. स्वतः लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी खवचटपणे विचारलंच तर म्हणायची, “मापाचा मिळाला नाही. आणि उसवून बसवायला मला वेळ नव्हता.” दुसऱ्याच्या बाबतीत जीभ अशी कात्रीसारखी चालायची. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की मात्र तीच कात्री बोथट व्हायची. शिलाईचे पैसेसुद्धा लोक टेबलावर ठेवून जायचे. तिने हात पुढे केलेला कुणी पाहिला नाही.

तिची एकच जिवाभावाची मैत्रीण, डिंपना गिलहूली. दोघी शाळेत एका बाकावर बसल्या, एकीच्या वहीतून दुसरीने गणितं उतरवली. डिंपना पुढे पोस्ट चालवायला लागली, आणि अक्षर वळणदार म्हणून पॅरिशच्या हॉलच्या कमिटीची सेक्रेटरी झाली. एकदा झाली ती झालीच. आमच्याकडे सेक्रेटरी मेल्याशिवाय बदलत नाही.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात बोहन मास्तर गेले. दफन झाल्यावर सगळा गाव रिवाजाप्रमाणे हॉलमध्ये चहाला जमला. अशा वेळी कामं कुणी वाटून देत नाही. ज्या बाईचे हात रिकामे दिसतील तिच्या हातात किटली दिली जाते. अट्रॅक्टा पावसाने ओला झालेला कोट काढत होती, तोच कुणीतरी म्हणालं, “अट्रॅक्टा, एवढी किटली भरून आण गं.” ती मागच्या स्वयंपाकघरात गेली, पाण्याच्या मोठ्या बॉयलरखाली किटली धरली आणि नळ फिरवला. नळ तिच्या हातात आला.

उकळतं पाणी उजव्या हातावरून, दंडावरून, मांडीवरून खाली गेलं. लोकरीच्या बाहीने ते धरून ठेवलं. कुणीतरी लोणी आणायला धावलं. डिंपनाने त्याला ढकलून दिलं, अट्रॅक्टाचा हात गार पाण्याच्या नळाखाली धरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडला नाही. दात वाजत होते, चेहरा पिठासारखा झाला होता, आणि ही बाई दारात जमलेल्या लोकांना सांगत होती, “बरं आहे मी. बरं आहे. तुम्ही चहा घ्या.”

डब्लिनच्या हॉस्पिटलात तीन महिने गेले. मांडीची कातडी काढून हाताला लावली. जखमा भरल्या, पण भरता भरता कातडी आखडली आणि तीन बोटं तळव्याकडे ओढली गेली. कात्रीच्या मुठीत अंगठा जाईना. सुई धरली की सुटायची. पुढच्या उन्हाळ्यात सर्जनने हात उलटसुलट करून पाहिला आणि सरळ सांगितलं, “दोन ऑपरेशन्स करून बोटं मोकळी करता येतील. पण भाजल्यापासून तीन वर्षांच्या आत. नंतर सांधे धरले की मग माझ्या हातात काही नाही.” सरकारी यादीत नंबर लावला तर चार-पाच वर्षं. खासगीत केलं तर महिन्यात, पण त्याला पैसे लागतात, आणि वर पाच-सहा महिने डब्लिनला राहून रोज व्यायाम. शिवणाऱ्या बाईकडे, त्यातही हात बंद पडलेल्या, एवढं कुठून येणार?

रस्ता एकच होता: हॉलच्या कमिटीवर भरपाईचा दावा.

आता आमच्याकडे दावा हा शब्द कसा उच्चारतात ते ऐकायला पाहिजे. कुणाला गुप्तरोग झाल्याचं सांगावं तसा, आवाज खाली आणून. पलीकडच्या गावात एकजण दुकानाच्या पायरीवर घसरला आणि भरपाईच्या पैशातून त्याने घराला नवीन खोली काढली. तेव्हापासून त्या खोलीला सगळे ‘पायरी’ म्हणतात. अट्रॅक्टाने हे सगळं ऐकलेलं होतं, त्यावर चार वेळा हसलेलीही होती. त्यामुळे सर्जनने सांगितल्यावर ती एक सबंध वर्ष गप्प बसली. लोक विचारायचे, हात कसा आहे? ती म्हणायची, बरं आहे. ते वर्ष फुकट गेलं, आणि ते कुणामुळे गेलं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी डिंपनाच तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. “हे बघ,” ती म्हणाली, “सेक्रेटरी म्हणून सांगत नाही, डिंपना म्हणून सांगते. दावा लाव. पैसे कमिटीच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी देते. आणि तो नळ सैल होता. मी स्वतः सभेच्या वहीत लिहिलंय, ‘बॉयलरचा नळ पाहून घ्यावा.’ तीन वेळा लिहिलंय. बघितला एकानेही नाही.”

“आणि विम्याचा हप्ता वाढला आणि हॉलला कुलूप लागलं तर?”

“तर लागू दे. चार पोरं आणि दोन म्हातारे पत्ते खेळतात तिथे. तुझ्या हातापेक्षा जास्त आहे का ते?”

तर अट्रॅक्टा बस धरून कॅरिकला गेली, टायनन वकिलांकडे. टायनन साठीचे, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय. त्यांनी हात पाहिला, गोष्ट ऐकली आणि म्हणाले, “सैल नळ वहीत लिहिलेला आहे म्हणतेस? मग उरलं काय? ही केस माझा कारकूनसुद्धा जिंकेल.”

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलतील कसे, नाही म्हणायची पद्धत नाही ना. फक्त उरलंसुरलं कामही यायचं थांबलं. झगे शिवण्याइतका हात चालत नव्हताच, पण लोक निदान डाव्या हाताने जमेल तशी बटणं लावायला, टीप मारायला आणून द्यायचे, तेही बंद. पबमध्ये कुणीतरी म्हणालं, हॉलवर तिच्या नावाची पाटी लावू या, ‘मॅकगोल्ड्रिक भवन, कायमचे बंद’. हे तिच्या कानावर आलं. ती हसली, घरी गेली आणि रात्रीचं जेवली नाही.

पुढे वकिलांची पत्रं सुरू झाली. विमा कंपनीच्या वकिलाने सभेची वही मागवली. डिंपनाने ती छाती पुढे काढून दिली, कारण नळाची गोष्ट त्यात तिच्याच अक्षरात होती. आठ दिवसांनी टायनननी अट्रॅक्टाला बोलावून घेतलं. चष्मा या खेपेला नाकावर होता.

“हे वाच,” म्हणाले.

पंचाण्णवच्या वार्षिक सभेचं पान. मध्यावर लिहिलेलं, बॉयलरचा नळ पाहून घ्यावा. आणि त्याखाली, चार ओळी सोडून: ‘अट्रॅक्टा मॅकगोल्ड्रिक यांना त्यांच्या गैरहजेरीत कमिटीवर घेण्यात आले. सूचक, डिंपना गिलहूली.’

आमच्याकडच्या वार्षिक सभांची रीत अशी, की जो येत नाही त्याला निवडून देतात. आलेले सगळे हुशार असतात, आपापल्या सबबी बरोबर घेऊन आलेले असतात. न आलेल्याला सबब सांगता येत नाही. निम्म्या लोकांना आपण कुठल्या कमिटीवर आहोत हे मृत्युलेखात कळतं, म्हणजे त्यांना नाही, त्यांच्या बायकांना.

“मग?” अट्रॅक्टाने विचारलं. “मी एकाही सभेला गेले नाही.”

“मग असं, की कमिटीवरच्या माणसाला आपल्याच कमिटीवर दावा लावता येत नाही. कायद्याने ती आणि कमिटी एकच.”

“म्हणजे मी माझ्यावरच दावा लावलाय?”

“विमा कंपनी तसं म्हणतेय,” टायनन म्हणाले. “पण तुझ्या पाठीमागे तुला घेतलं म्हणून तू सभासद होत नाहीस. तुला कळलं पाहिजे आणि तू मान्य केलं पाहिजे. आता नीट आठव. तुला हे कुणी कळवलं होतं का?”

अट्रॅक्टाला आठवायची गरज नव्हती. सभेच्या दुसऱ्या दिवशी ती पोस्टात तिकिटं घ्यायला गेली होती. डिंपना तिकिटं फाडता फाडता म्हणाली होती, “काल तुला कमिटीवर घेतलं बरं का. सहा जण लागतात, पाचच होते.” आणि अट्रॅक्टा म्हणाली होती, “बरं.” मग दोघी डिंपनाच्या सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोलल्या. अर्धा तास सून आणि अर्धा सेकंद कमिटी. त्यानंतर दोघींनी तो विषय कधी काढला नाही.

हे टायननना सांगायला हवं होतं. तिथेच, त्या खुर्चीवर बसून. ती किती वेळा पुढे स्वतःशी म्हणाली असेल, मी तेव्हाच का नाही बोलले? पण केस हातात आल्यासारखी वाटत होती, सर्जनची तीन वर्षं संपत आली होती, आणि ते ‘बरं’ तिला अचानक सहीसारखं वाटायला लागलं. “विचारून सांगते,” एवढंच म्हणाली आणि निघाली.

डिंपनाला तिने वहीचं सांगितलं तेव्हा डिंपनाने कपाळाला हात लावला. “माझंच अक्षर. मीच घातली तुला त्यात. सहावं नाव पाहिजे म्हणून पहिलं तुझं आठवलं, दुसरं काही नाही गं.”  मग म्हणाली, “पोस्टात त्या वेळी आपण दोघीच होतो. मी सांगेन, कळवायचं राहून गेलं. विसरले. तूही तेच सांग.”

“बायबलवर हात ठेवून?”

“ठेवून. फादरकडे पापाची कबुली नंतर देऊ. माझ्यामुळे झालंय, मला करू दे.”

अट्रॅक्टाने तिच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. “बरं,” ती म्हणाली.

टायननना तिने फोनवर सांगितलं, मला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात कॅरिकच्या कोर्टात केस लागली. किलशानीतून एक मिनीबस भरून लोक आले होते, कुणाच्या बाजूने ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. जज शेजारच्या रॉसकॉमनकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, जाड भुवयांचे. विमा कंपनीच्या बॅरिस्टरने सुरुवातीलाच मागणी केली, की साक्षीदारांना बाहेर बसवावं, एकमेकांचं ऐकायला नको. त्यामुळे डिंपना बाहेर व्हरांड्यात बाकावर, पर्स मांडीवर घेऊन.

अट्रॅक्टाने डावा हात बायबलवर ठेवला. उजवा सपाट ठेवता येत नव्हता. तिने पाण्याचं सांगितलं, हॉस्पिटलचं सांगितलं, बोटं दाखवली. जज पुढे वाकून बघत राहिले. मिनीबसमधल्या बायकांनी माना खाली घातल्या. त्या क्षणी केस जिंकलेलीच होती. मग बॅरिस्टर उठला. मऊ आवाजाचा, डब्लिनचा.

“मिस मॅकगोल्ड्रिक, आपल्याला कमिटीवर घेतल्याचं कुणी कधी आपल्याला सांगितलं होतं?”

“नाही.”

“कधीच नाही? सहज बोलताबोलतासुद्धा?”

“नाही.”

“मिसेस गिलहूलींनीसुद्धा नाही?”

“नाही,” अट्रॅक्टा म्हणाली. एका दमात तीन वेळा नाही म्हणालेली किलशानीची ती पहिलीच बाई असेल. तोंड कडू झालं, पण म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत साक्षीदारांनी एकमेकांशी बोलायचं नाही, अशी ताकीद होती. सुट्टीनंतर डिंपनाला आत बोलावलं. ती कुणाकडे न बघता चालत गेली. बॅरिस्टरने वहीतलं पान दाखवलं, अक्षर तिचंच आहे हे वदवून घेतलं आणि विचारलं, “मग हा ठराव आपण मिस मॅकगोल्ड्रिकना कळवलात?”

डिंपनाने पर्स दुसऱ्या हातात घेतली. 

“कळवला,” डिंपना म्हणाली. “दुसऱ्या दिवशी. पोस्टात.”

“आणि त्या काय म्हणाल्या?”

“बरं म्हणाली.”

पाठीमागून कुणीतरी खुदकन हसलं. जजनी वर पाहिलं आणि हसणं थांबलं. बॅरिस्टरने बरं म्हणजे संमती यावर दहा मिनिटं भाषण केलं. टायननचा चेहरा उतरला होता. ते अट्रॅक्टाकडे बघतही नव्हते. जजनी पेन खाली ठेवलं आणि निकाल तिथेच दिला. त्यांचे शब्द किलशानीत अजून लोक जसेच्या तसे सांगतात, कारण तसा धडा आम्हाला कुणी दिला नव्हता.

“मी या भागात साठ वर्षं काढली आहेत,” ते म्हणाले. “पोस्टाच्या खिडकीत बाई ‘बरं’ म्हणाली, तर त्याने ती कशालाही बांधली जात नाही. माझी स्वतःची बायको मला दिवसातून वीसदा बरं म्हणते. वादी बाईंनी मला सकाळी एवढंच सांगितलं असतं, की हो, सांगितलं होतं आणि मी बरं म्हणाले, तर मी बचाव बाजूला सारून त्यांना पूर्ण भरपाई दिली असती. पण त्यांनी मला शपथेवर सांगितलं, की त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्यांच्या बाकीच्या कुठल्या शब्दावर मी विश्वास ठेवू? मला वाईट वाटतं. दावा फेटाळला.”

अट्रॅक्टा उठली. कोट घालताना उजवी बाही अडकली, कुणी मदत केली नाही, केली असती तर तिला सहनही झालं नसतं. मिनीबसवाले वाट सोडून बाजूला झाले. दुपारपर्यंत तिच्या हाताकडे बघून मान खाली घालणारे तेच लोक आता तिच्या तोंडाकडे बघत होते.

डिंपना बाहेर पायऱ्यांवर उभी होती. “आत काय झालं?” तिने विचारलं. “माझं झाल्यावर मला पुन्हा बाहेर काढलं. जज काय म्हणाले?”

“मी नाही म्हणाले होते,” अट्रॅक्टा म्हणाली.

“काय नाही म्हणालीस?”

“कुणी सांगितलं नाही म्हणून. आपलं ठरलं होतं तसं.”

डिंपनाने कठडा धरला. “कुठे ठरलं होतं? तू नुसतं बरं म्हणालीस.”

“म्हणजे हो ना.”

“तुझं बरं म्हणजे हो कधीपासून व्हायला लागलं? पन्नास वर्षं ऐकतेय मी ते.” तिचा आवाज फाटला. “शाळेत मी सिस्टरच्या बागेतली सफरचंदं चोरली, सिस्टरने तुला विचारलं, तर तुझ्या तोंडून खोटं निघेना. माझ्या हातावर छड्या बसल्या आणि रडलीस तू. मी त्या बाकावर तीन तास बसून विचार केला. म्हटलं, अट्रॅक्टा आत खरंच सांगणार, तिला दुसरं येतच नाही. आणि मी जर विसरले म्हणून ठोकून दिलं तर दोघींचं जुळणार नाही, लोक म्हणतील, पैशासाठी मैत्रिणीला पढवून आणली. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून मी खरं बोलले गं. फक्त त्याच्यासाठी.”

 दोघी बसस्टॉपपर्यंत चालत गेल्या. मिनीबस पुढे निघून गेली होती.

सरकारी यादीतला नंबर दोन हजार दोनच्या वसंतात लागला. डब्लिनला बरोबर डिंपनाच गेली. सर्जन नवीन होता, तरुण. त्याने एकेक बोट धरून हलवून पाहिलं, आणि हात परत तिच्या मांडीवर अलगद ठेवून दिला. सांधे धरले होते. आता काही करायचं म्हणजे उगाच कापाकापी. परत येताना सबंध वाटेत डिंपना खिडकीबाहेर तोंड करून रडत होती, आणि अट्रॅक्टा तिला रुमाल देत होती, डाव्या हाताने.

हाताचं तिला वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटायचं, रोज वाटायचं. बंद मशीनवरचं कापड ती दर शनिवारी धुऊन परत घालायची. गावाचंही लागलं होतं, जजचंही. पण एकदा, बऱ्याच वर्षांनी, ती मला म्हणाली, की त्या सगळ्याची सवय होते. सवय झाली नाही ती एका गोष्टीची. सगळ्या पॅरिशमध्ये एकच माणूस असं होतं, ज्याने काहीही झालं तरी अट्रॅक्टा खोटं बोलणार नाही अशी खात्री धरली होती, आणि त्या खात्रीवर सगळी केस पणाला लावली होती. त्या डिंपनालाच अट्रॅक्टाने खोटं पाडलं.